‘लई भडक’ म्हणजे नेमकं किती भडक?

रंगांवरचा भाग ऐकून बऱ्याच जणांचं म्हणणं आलं की हे लिहून टाक, दुकानात उभं राहून अख्खा एपिसोड ऐकता येत नाही. म्हणून हे लिखित रूप. बोलताना माझं ‘म्हणजे कसंय ना’ शंभरदा येतं, तेवढं काढलंय. बाकी गप्पा त्याच.

आधी एक सांगतो. मी काही फॅशनवाला नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव लातूर आणि आजोळ नांदेड. पण माझ्या कामात रोज रंग येतात. बटण कुठल्या रंगाचं, त्यावरची अक्षरं कुठल्या रंगाची, उन्हात मोबाइल धरला तर ती वाचता येतील का, यावर आमच्या तासतासभर मीटिंगा चालतात. त्यामुळं कपड्यांच्या दुकानातही माझं डोकं त्याच अंगानं चालतं.

तर ‘भडक’. भडका, भडकणं, भडक, सगळे एकाच घरातले शब्द. आपल्याकडं एखाद्याचा शर्ट नाकारायचा असेल तर हा एक शब्द पुरतो. पण कॉम्प्युटरला कुठलाही रंग सांगायला तीन आकडे लागतात: रंग कोणता, किती गडद-फिका, आणि किती दाट. यात ‘भडक’ नावाचा चौथा आकडा कुठंच नाही. राणी कलर घ्या. तो पैठणीवर आला की ‘काय रिच दिसतेय’. तोच तांड्यावरच्या बाईच्या घागऱ्यावर आला की ‘भडक’. आणि तोच कॉलेजच्या पोराच्या शर्टावर आला की, ‘काय रे, वरातीतून आलास का?’ तिन्ही ठिकाणी आकडे तेच. बदलतो तो घालणारा. म्हणजे ‘भडक’ हे बहुतेक वेळा कापडाचं वर्णन नसतंच, माणसाचं असतं.

हे सगळ्यात जास्त कुठं टोचतं, तर अंगाच्या रंगाशी जोडल्यावर. आपल्याकडं लग्नाच्या बायोडेटात ‘रंग’ असा रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, जणू ड्रॉपडाउनमध्ये तीनच पर्याय दिलेत. ‘सावळा’ कुणी लिहीत नाही, तो गुपचूप गव्हाळमध्ये ढकलला जातो. आणि सावळ्या पोरीला लहानपणापासून एक वाक्य ऐकावं लागतं: ‘तुला नाही खुलायचा हा रंग.’

माझ्या धाकट्या बहिणीचं नीटचं वर्ष संपलं तेव्हा आम्ही तिला कपडे घ्यायला गंजगोलाईत गेलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लातूरच्या मधोमध गोल बाजारपेठ, बरोबर मध्ये जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. दोन वर्षं क्लास, मेस आणि टेस्ट सिरीज यापलीकडं काही न पाहिलेल्या पोरीनं पहिल्या झटक्यात हळदीसारखा पिवळा कुर्ता उचलला. सोबत आत्या होती. ती म्हणाली, ‘पिवळा नाही खुलायचा गं तुला. फिक्का घे काहीतरी.’ बहिणीनं कुर्ता ठेवला आणि बिस्किट कलरचा घेतला. काही बोलली नाही.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. वेबसाइट बनवताना अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट मोजायचं एक जगमान्य सूत्र आहे. कमीत कमी आकडा एक, म्हणजे काहीच फरक नाही. जास्तीत जास्त एकवीस, म्हणजे पांढऱ्यावर काळं. साधा मजकूर नीट वाचता यावा म्हणून किमान साडेचार असावा असा नियम. या सूत्रात हिरव्याला सगळ्यात जास्त वजन, लालला त्याहून कमी आणि निळ्याला अगदीच थोडं, कारण आपल्या डोळ्यांना उजेड तसाच जाणवतो. स्क्रीनवरचा पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणून तो पांढऱ्याच्या खालोखाल उजळ. तर मी एक सावळा तपकिरी रंग घेतला (१४१, ८५, ३६) आणि एक गोरा (२४१, १९४, १२५), आणि दोन्हींशेजारी शुद्ध पिवळा ठेवला. सावळ्याबरोबर कॉन्ट्रास्ट आला साधारण ५.७. गोऱ्याबरोबर १.५.

म्हणजे आत्यानं सांगितलं त्याच्या बरोबर उलटं! पिवळा उठून दिसतो तो सावळ्या अंगावर. गोऱ्या अंगावर तो शेजारच्या रंगात मिसळून जातो. आता कापड म्हणजे स्क्रीन नाही, आणि उठून दिसणं म्हणजेच सुंदर दिसणं असंही नाही. एखाद्याला मिसळलेलं, शांत आवडतं, तेही छानच. पण ‘खुलत नाही’ हा निसर्गनियम असल्यासारखा जो सांगितला जातो, त्याला आकड्यांचा आधार नाही एवढं नक्की. मी तो स्क्रीनशॉट बहिणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन पिवळा घेऊन आली. आत्या म्हणाली, ‘बरा दिसतोय की गं. कापड चांगलं असेल.’

ही शेजाऱ्यांची भानगड माणसाला फार आधी कळलीय. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा चित्रपटांसारखे मोठे पडदे विणायचा सरकारी कारखाना होता (चित्रपट म्हणजे सिनेमा नाही, विणलेली चित्रं). तिथं रंगाई विभागावर शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ नेमलेले. तक्रार आली की कारखान्याचा काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की मेल्यासारखा दिसतो. शेव्रलनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी कोण बसलाय त्यावर डोळा रंग बदलून बघत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड पुस्तकच लिहिलं. जगले १०२ वर्षं, हे जाता जाता. थोडक्यात, एकटा रंग असा नसतोच. जोडी असते.

आणि जोडी लावण्यात आपल्या भागातल्या बायका कुणाला ऐकणाऱ्या नाहीत. नांदेड जिल्ह्यात किनवट, माहूरकडं गेलात तर बंजारा तांडे लागतात. तिथल्या आज्यांच्या अंगावर अजून फेटिया आणि कांचळी दिसते. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठ मोकळी असलेली, भरतकामानं गच्च भरलेली चोळी, आणि वरून ओढणी. लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा, सगळे एकाच वेळी. आमच्या डिझाइनवाल्याला असे पाच रंग एका स्क्रीनवर द्या, तो राजीनामा देईल. मग हे अंगावर कसं काय जमतं?

थोडं थांबून बघा. एक तर रंगांच्या मध्ये जागोजागी पांढरं येतं: कवड्या, नाणी, पांढऱ्या दोऱ्याचे टाके, हातभर पांढऱ्या बांगड्या. आम्ही स्क्रीनवर दोन रंगांच्या मध्ये बॉर्डर देतो ना, तेच काम. दोन दाट रंग एकमेकांना भिडले की डोळा गोंधळतो, मध्ये पांढरं आलं की प्रत्येक रंग आपापल्या जागी सुटा दिसतो. दुसरं, तुकडे लहान. लाल पत्राच्या पत्रा कुठं पसरलेला नसतो, पट्टी, चौकोन, त्रिकोण असा वाटून येतो. आणि तिसरे आरसे. आरशाला स्वतःचा रंगच नाही, तो समोरचं आभाळ दाखवतो. बाई चालायला लागली की शंभर ठिकाणी उजेड जागा बदलतो. हे स्थिर फोटोत कळतच नाही. फोटोवरून ‘भडक’ म्हणणाऱ्यांनी तो पोशाख चालताना पाहिलेला नसतो.

माझ्या हॉस्टेलला किनवटकडचा एक मित्र होता. त्याची आई तांड्यावर फेटिया घालायची, पण पोराला भेटायला शहरात यायची तेव्हा साडी नेसून. का, तर ‘लोक बघतात’. पुढं नोकरीला लागल्यावर पुण्यातल्या एका प्रदर्शनात त्यानं तसंच आरसेकाम असलेलं जॅकेट पाहिलं. किमतीची चिठ्ठी बघून फोन केला मला, हसत होता. म्हणाला, ‘आईला सांगितलं. ती म्हणली, मग मी काय वेडी होते का?’ या वाक्यावर मी अजून काही बोलू शकलेलो नाही. त्याची बहीण आता लग्नात मुद्दाम आजीची कांचळी काढते, साध्या काळ्या लांब स्कर्टवर. मला विचाराल तर आख्ख्या मराठवाड्यात यापेक्षा भारी स्टायलिंग मी पाहिलेलं नाही.

नांदेडला अजून एक रंगशाळा आहे, रोज डोळ्यांसमोर असते म्हणून लक्षात येत नाही. हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथंच देह ठेवला, आणि आजचं मंदिर महाराजा रणजितसिंगांच्या काळातलं. होला मोहल्ला किंवा दसऱ्याला या, निहंग सिंगांचा गडद निळा बाणा आणि त्यावर केशरी-पिवळं. ही फॅशन नाही, श्रद्धा आहे, त्याची नक्कल करायची नसते. पण निळ्याशेजारी पिवळा-केशरी का धगधगतो हे तिथं उभं राहून कळतं: रंगचक्रावर हे रंग समोरासमोर बसतात आणि एकमेकांना चढवतात. नांदेडचे माझे सरदार मित्र शर्ट आधी निवडत नाहीत, पगडी आधी निवडतात. आणि मॅचिंग नाही बरं का, कॉन्ट्रास्ट.

आमच्या आजोबांचंही तेच होतं की. धोतर पांढरं, सदरा पांढरा, आणि डोक्यावर तांबडा पटका. एक गोष्ट ठणठणीत, बाकी सगळं गप्प. आज इन्स्टावर ‘स्टेटमेंट पीस’ म्हणून जे शिकवतात ते हेच. आजी इरकल नेसायची. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या इलकलची, लातूर-बिदर पट्ट्यात घरोघरी दिसणारी साडी. अंग गडद, पदर लाल, आणि गंमत म्हणजे पदराचे धागे वेगळे ताणून अंगाच्या धाग्यांत अडकवून जोडलेले. काही साड्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्याला धूपछाव म्हणतात. अशी साडी वळली की रंग बदलते. हा परिणाम स्क्रीनवर करायला आम्हाला बऱ्याच ओळींचा कोड लागतो, आणि तरी तो तितका जमत नाही.

शब्दांचंही बघा. ब्राउझरला नावानं कळणारे जवळपास दीडशे रंग आहेत. त्यात टोमॅटो आहे, चॉकलेट आहे, पपईचासुद्धा एक आहे. पण आमसुली नाही. श्रीखंडी नाही. डाळिंबी, अंजिरी, शेवाळी, अबोली, काही नाही. आपल्या दुकानात काउंटरवरच्या पोराला ‘आमसुली दाखव’ म्हटलं की तो न विचारता बरोबर गठ्ठा काढतो.

आता ‘भडक’च्या विरुद्ध शब्द कुठला? ‘सोबर’? नाही. आपल्या घरांत तो शब्द आहे ‘मळखाऊ’. शाळेची पँट मळखाऊ, प्रवासाची साडी मळखाऊ, बेडशीट मळखाऊ. मला बरीच वर्षं वाटायचं की आपल्या लोकांना रंगाची आवडच नाही. मग २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या घरात धुण्याला पाणीच नाही तिथं आई कपडा घेताना आधी काय बघणार? किती धुण्यांत निघेल ते. मळखाऊपणा ही अभिरुचीची कमी नाही, पाण्याचा हिशोब आहे.

पण त्यातली मेख सांगतो. मळ लपवायला फिका रंग लागत नाही, नक्षी लागते. एकरंगी बिस्किट कलरवर चहाचा थेंब गावभर दिसतो. बारीक फुलांच्या, चौकड्यांच्या, चार रंगांच्या छपाईवर तो हरवून जातो. तेव्हा घरी ‘मळखाऊ घे’ म्हटलं तर बिनधास्त रंगीबेरंगी घ्या आणि वर हे कारण द्या. चालतं. मी वापरलंय.

नवरात्राच्या नऊ रंगांबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न आले, तर तेही उलगडू. आमच्याकडं माहूरची रेणुका आणि शेजारच्या जिल्ह्यात तुळजापूरची भवानी, साडेतीन पीठांतली दोन हाकेच्या अंतरावर. लातूरहून चालत तुळजापूरला जाणारे लोक दरवर्षी रस्त्यानं दिसतात. त्यामुळं अनेकांना वाटतं, नऊ रंग देवीच्या पोथीतून आले. तसं नाही. ही रीत रुजवली महाराष्ट्र टाइम्सनं, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. पेपरात आजचा रंग छापायचा आणि बायकांनी ऑफिसात, लोकलमध्ये त्या रंगात फोटो काढून पाठवायचा. आणि यादीमागचं गणित एकदम सोपं. वाराला रंग ठरलेला: रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. घटस्थापना ज्या वारी, तिथून सुरू करायचं. सात झाले की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले. पडताळून बघा: २०२३ ला घट रविवारी बसले, पहिला रंग केशरी. २०२४ ला गुरुवार, पिवळा. २०२५ ला सोमवार, पांढरा. यादीची पीडीएफ फॉरवर्ड करायची गरजच नाही.

काही जण यावर नाक मुरडतात, ‘शास्त्रात नाही’ म्हणून. नसेल. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतो आपण, एरवी सणाला काळा चालत नाही. नियम माणसांनीच केलेत, आणि मजा म्हणून केलेला नियम मला तरी शिक्षा म्हणून केलेल्या नियमापेक्षा बरा वाटतो. खटकतं एवढंच की नऊ दिवसांना नऊ साड्या सगळ्यांकडं नसतात, आणि ग्रुप फोटोच्या वेळी कुणीतरी कडेला उभं राहतं. माझ्या मामीच्या ऑफिसात यावर बायकांनीच तोडगा काढला: साडी कुठलीही, त्या रंगाचं काहीतरी एक हवं. बांगड्या, रुमाल, डब्याची पिशवीसुद्धा. करड्याच्या दिवशी एकीनं स्टीलचा डबाच वर धरला होता.

आता मोबाइलवाल्यांसाठी कामाचं. ऑनलाइन मागवलेला रंग घरी आल्यावर वेगळा का निघतो? प्रत्येक वेळी विकणारा फसवत नसतो. कॅमेरा आपोआप ठरवतो की इथं पांढरं काय, आणि त्यावरून बाकी रंग सरकवतो. दाट लाल किंवा राणी असेल तर सेन्सरचा लाल आकडा शेवटाला जाऊन टेकतो, पोत दिसेनासा होतो. मग तुमचा फोन. बऱ्याच फोनचा डिस्प्ले ‘व्हिविड’वर असतो, तो सगळंच चढवून दाखवतो, सेटिंगमध्ये ‘नॅचरल’ करा. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे रात्री अकराला अंथरुणात पडून खरेदी. तेव्हा डोळ्यांसाठीचा पिवळसर फिल्टर सुरू असतो. तुम्ही मोतिया बघून मागवता, येतो पांढराफटक. फिल्टर बंद करूनच बघा. मैत्रिणीला रंग विचारायला फोटो पाठवायचा असेल तर कापडाशेजारी वहीचा पांढरा कागद ठेवून काढा, तिला अंदाज येतो.

दुकानातही तेच. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल कमी असतो, म्हणून डाळिंबी, मरून तिथं मेलेले दिसतात. दोन कपडे आत एकसारखे आणि बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण रंगद्रव्यं वेगळी असली तर उजेड बदलला की फरक उघडा पडतो. आपले जुने दुकानदार म्हणतात ना, ‘दादा, बाहेर उजेडात बघून घ्या’? ते शंभर टक्के बरोबर आहेत. ब्लाउजपीस मॅच करताना तर बाहेर जाच.

शेवटी ऐकणाऱ्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरं. नांदेडच्या एकानं विचारलंय, काळ्या पँटवर राणी कलरचा शर्ट चालेल का. चालेल, पळेल. बूट आणि पट्टा साधे ठेव, घड्याळ चमकणारं नको. उदगीरच्या ताई बँकेत आहेत, तिथं रंग चालत नाहीत. ताई, साध्या कुर्त्याला आतून धूपछाव अस्तर लावा, बाही दुमडली की तेवढंच दिसतं. तिसरा प्रश्न: गडद रंग जाईल का, घेण्याआधी कसं ओळखायचं? पांढरा रुमाल थोडा ओला करा, कपड्याच्या आतल्या शिवणीवर आठ-दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर दुकानदाराला दाखवा आणि दुसरा मागा. नाही लागला तर घ्या, पहिल्या वेळी वेगळा धुवा आणि उलटा करून सावलीत वाळत घाला. आपल्या एप्रिलच्या उन्हात सरळ वाळवला तर चांगल्यातला चांगला निळासुद्धा विटतो.